चित्राने आधीच सांगितलेली गोष्ट

‘स्ट्रँड’ मासिकाचा डिसेंबर १८९३चा अंक उघडला, की गोष्ट वाचण्याआधीच शेरलॉक होम्सचा शेवट समोर येतो. अंकाच्या सुरुवातीलाच पानभर चित्र आहे: रायखेनबाख धबधब्याच्या कड्यावर होम्स आणि त्याचा शत्रू मोरिआर्टी यांची झटापट. खाली होम्सच्या मृत्यूची ओळ. सिडनी पॅजेटचे हे सर्वांत गाजलेले चित्र, आणि माझ्या मते रहस्यकथेवर अन्याय करणारे. गोष्ट सांगणाऱ्या वॉटसनने जे पाहिलेच नाही, ते वाचकाला आधी दाखवले गेले.

रहस्यकथेच्या चित्रकाराची खरी अडचण हीच. त्याने दाखवायचे, पण फोडायचे नाही. पॅजेटला हे उत्तम साधत असे, म्हणून हे चित्र खटकते. त्याची खरी ताकद ऐकणाऱ्या माणसांत आहे. ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेतला रेल्वेचा डबा पाहा: होम्स पुढे झुकून बोलतो आहे, वॉटसन समोर बसून ऐकतो आहे, बाकी काहीच घडत नाही, तरी नजर हलत नाही. ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’मध्ये उशांच्या ढिगावर बसून पाइप ओढणारा होम्स तर नुसता विचार करतो आहे. विचार करणारा माणूस चितारणे हाणामारीपेक्षा कितीतरी अवघड.

पॅजेट लंडनचा, जन्म १८६०, शिक्षण रॉयल अकॅडमीच्या शाळेत. मासिकाला त्याचा भाऊ वॉल्टर हवा होता, पत्र सिडनीच्या हाती पडले, अशी हकीकत सांगतात. जुलै १८९१पासून त्याने होम्सच्या ३७ कथा आणि ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी मिळून साडेतीनशेवर चित्रे काढली. होम्सची कानझाकणी टोपी त्याचीच देणगी. होम्सचा लेखक कॉनन डॉयल याने ‘बॉसकम व्हॅली’च्या कथेत नुसती घट्ट बसणारी कापडी टोपी लिहिली होती. डॉयलच्या मनातला होम्स चित्रांतल्याइतका देखणाही नव्हता.

पॅजेटच्या रेषेबद्दल बोलताना मात्र जपून बोलावे. तो काळ्या-करड्या जलरंगात काम करी. सुरुवातीच्या वर्षांत ते लाकडी ठशांवर कोरून छापले जाई. अनेक चित्रांच्या कोपऱ्यात नाउमन या कोरणाऱ्याची सही आहे. ‘पॅजेटची रेष’ म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती पुष्कळदा या कारागिरांची. ‘हाउंड’च्या वेळी हाफटोन ब्लॉक आले आणि करड्या छटा थेट कागदावर उतरल्या. त्यातली धुक्याची चित्रे मला त्याच्या कामात सर्वांत सरस वाटतात.

अमेरिकेत ‘कॉलिअर्स’ या साप्ताहिकासाठी फ्रेडरिक डॉर स्टीलने १९०३पासून नट विल्यम जिलेटच्या चेहऱ्यावरून होम्स रेखला. मुखपृष्ठे देखणी, पण होम्स एकटा. वॉटसनची गरजच उरत नाही. १९०८मध्ये पॅजेट वारला. नंतर ‘स्ट्रँड’ने अनेक चित्रकार नेमले, एकदा वॉल्टरलाही. त्यांचे काम नेटके आहे, पण त्यातला एकही होम्स ऐकताना दिसत नाही.