प्रतिमा आणि पहारा : ‘द्रौपदी’, कांगला आणि मैरा पैबी

महाश्वेता देवी यांची ‘द्रौपदी’ ही बंगाली कथा ‘अग्निगर्भ’ (1978) या संग्रहात समाविष्ट झाली. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या 1981 मधील इंग्रजी अनुवादाने ती तौलनिक साहित्याच्या अभ्यासवर्तुळात आणली, तर 2000 मध्ये हैस्नाम कन्हाईलाल यांनी ती मणिपुरी रंगभूमीवर सादर केली. त्यानंतर चार वर्षांनी, 15 जुलै 2004 रोजी, इंफाळमधील कांगला किल्ल्याच्या प्रवेशद्वारासमोर बारा स्त्रियांनी विवस्त्र होऊन सैन्याला जाहीर आव्हान दिले. किल्ल्यात तेव्हा आसाम रायफल्सचे ठाणे होते. त्याच दलाने रात्री घरातून नेलेल्या एका तरुणीचा मृतदेह 11 जुलैला सापडला होता आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप होता. कथा, अनुवाद, प्रयोग आणि निदर्शन अशी ही साखळी समीक्षेला मोहविणारी आहे. ‘नाटकाने घटनेचे भाकीत केले’ हे विधान त्यातूनच रूढ झाले. हे विधान कितपत ग्राह्य मानावे, हा येथे विचाराचा विषय आहे.

कथेतील दोपदी मेझेन ही संथाळ स्त्री अखेरच्या प्रसंगी सर्वस्वी एकटी आहे. तिचा नवरा मारला गेला आहे आणि साथीदार दूर आहेत. कोठडीतील सामूहिक बलात्कारानंतर ती वस्त्र नाकारते आणि सेनानायकासमोर उभी राहते. महाभारतातील द्रौपदीला कृष्ण वस्त्रे पुरवितो, येथे मात्र कोणीही तारणहार येत नाही. कथेचे सामर्थ्य या एकाकीपणातच आहे. कन्हाईलाल यांच्या प्रयोगात सावित्री हैस्नाम यांनी हा एकाकी देह रंगमंचावर साकारला, तेव्हा मणिपुरात त्यावर कठोर टीकाही झाली. म्हणजे या प्रतिमेला समाजाने सहज स्वीकारले असे दिसत नाही.

कांगलासमोरचे दृश्य याहून मूलतः भिन्न होते. तेथे उभ्या राहिलेल्या प्रौढ, संसारी स्त्रियांना मणिपुरी समाज ‘इमा’, म्हणजे आई, म्हणून ओळखतो. स्वतःवर अत्याचार झाला आहे असे त्या सांगत नव्हत्या. मृत मुलीची जागा त्या स्वतः घेत होत्या. कथेतील ‘मी’च्या जागी येथे ‘आम्ही’ आले. हे ‘आम्ही’ त्या एका सकाळी निर्माण झालेले नव्हते. 1904 आणि 1939 च्या ‘नुपी लान’ या स्त्री-उठावांची स्मृती त्यामागे होती. सत्तरच्या दशकात दारूबंदीसाठी रात्री गस्त घालणाऱ्या स्त्रियांची ‘निशाबंध’ चळवळ उभी राहिली होती. 1980 नंतर सशस्त्र दलांच्या धरपकडीपासून वस्तीचे रक्षण करण्यासाठी तिचेच रूपांतर ‘मैरा पैबी’त, म्हणजे पलिते धरणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेत झाले. विजेच्या खांबावर दगडाने ठोकताच शेजारच्या स्त्रिया घराबाहेर पडत. या रोजच्या सरावातून परस्परविश्वास घडला होता. निदर्शनाला नाटकाची अनुकृती ठरविले, तर वीस-पंचवीस वर्षांचा हा पहारा अदृश्य होतो आणि कर्तृत्वाचे श्रेय संहितेकडे जाते.

मराठी प्रदेशातील एका प्रकरणाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, या आधारे 1978 मध्ये दोन पोलिसांना निर्दोष ठरविण्यात आले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या विधिशास्त्राच्या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट्याने सहन करणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद त्यांनी ठामपणे मांडला. त्यातून देशव्यापी चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. या पत्रातही ‘आम्ही’ आहे. पण ते ‘तिच्या वतीने’ बोलणाऱ्या सुशिक्षितांचे आहे. कायदा बदलला तरी निकाल तसाच राहिला. पत्रातील ‘आम्ही’ राज्यसंस्थेला युक्तिवादाने भिडते, तर इमांचे ‘आम्ही’ देहाने. दोन्हींत प्रत्यक्ष अन्याय सोसलेल्या व्यक्तीचा शब्द अनुपस्थित आहे, हे साम्य समीक्षेने नजरेआड करू नये.

तथापि ‘समुदाय’ ही संज्ञा निर्दोष मानता येत नाही. मैरा पैबी ही प्रामुख्याने मैतेई स्त्रियांची संघटना आहे. मे 2023 मध्ये मणिपुरात मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार उसळला. कुकी-झो स्त्रियांची जमावाने विवस्त्र धिंड काढल्याची चित्रफीत त्याच वर्षी जुलैमध्ये उघड झाली. स्त्रिया रस्ते अडवून कारवाईत अडथळा आणत असल्याचे सैन्याने जून 2023 मध्ये जाहीरपणे म्हटले होते. दुसऱ्या बाजूस, त्या चित्रफितीतील मुख्य आरोपीचे घर स्थानिक स्त्रियांनीच जाळल्याचे वृत्तही आले. ज्या ‘आम्ही’ने 2004 मध्ये एका मुलीचे मरण आपले मानले, त्या ‘आम्ही’ची सीमा कोठे संपते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. दोपदीही संथाळ आहे. मैतेई रंगभूमीने तिला आपली मानले होते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर नव्याने वाचली पाहिजे.

लैंगिक हिंसेविषयीच्या साहित्याचे वाचन बहुधा परमोत्कर्षाच्या क्षणाशी थांबते. परंतु प्रतिबंध आणि आधार यांचे काम त्या क्षणाच्या आधी आणि नंतर चालते. खांब ठोकणे, रात्र जागविणे, ठाण्यात सोबत जाणे, साक्षीच्या तारखांना हजर राहणे हे त्याचे तपशील आहेत. त्यांना नाट्य नाही, म्हणून त्यांना संहितेत स्थान मिळत नाही. ‘द्रौपदी’चे मोल याने उणे होत नाही. मात्र कांगलाचा अन्वयार्थ लावताना प्रतिमेइतकाच पहाराही वाचावा लागेल, आणि तो पहारा कोणासाठी होता व कोणासाठी नव्हता, हेही विचारावे लागेल.