परदेशवास आणि आपले कलावंत

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसात राहिलेल्या अमेरिकन लेखकांची कथा रसिकांस परिचित आहे. फ्रँक घसरलेला, डॉलर भारी. त्यामुळे हेमिंग्वेसारख्यांस तेथे अल्प खर्चात राहून लिहिता आले. हाच मापदंड आपल्या परदेशस्थ चित्रकारांस लावून त्यांच्या परदेशवासास चैन म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे लंडन निराळे होते. तेथे शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते. अशा नगरीत साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली व शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ साली गेले. दोघेही १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक. सूझांस १९५५ साली गॅलरी वनमधील प्रदर्शनाने व ‘एन्काउंटर’मधील आत्मपर निबंधाने कीर्ती मिळाली, बाकऱ्यांच्या वाट्यास तेवढी आली नाही.

तथापि सूझांच्या लंडनमधील चित्रांत ख्रिस्ताच्या वेदनेची जी जाड, काळी रेषा दिसते, तिचे मूळ गोव्याच्या देवळांतच शोधावे लागते. परदेशाने त्यांची माती हिरावली नाही, असेच आमचे मत आहे.

बाकरे पुढे स्वदेशी परतले, कोकणात मुरूडला राहिले आणि २००७ साली निवर्तले. कडावच्या रसिकास लंडन दूर असेल. मुरूड तर कोकणातच होते. तरीही त्यांच्या शिल्पांची साक्षेपी चिकित्सा मराठीत फारशी झाली नाही. ती होणे अगत्याचे आहे. एरवी परदेशगमनाचा दोष कलावंतास देण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.