पत्रं कोणी जमवली, ते आधी बघा

पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रसंग्रह (१९७७, राज्य साहित्य संस्कृती मंडळ) हातात घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. संपादक अ. भि. शहा असले तरी पत्रं जमवली सिस्टर जेराल्डीन यांनी. म्हणजे वादातल्याच एका बाजूनं! १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाई त्रैक्यावर शंका काढत राहिल्या. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, हेही विचारलं त्यांनी. जेराल्डीनबाईंना त्यात गर्व दिसतो. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील मात्र त्याच शंकांना धीरानं उत्तरं देतात. माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथंच आहे. म्हणून जेराल्डीनबाईंच्या टिपा शेवटी वाचा. आधी वाचल्या, की रमाबाई हट्टीच वाटायला लागतात बघा.