जुन्या यंत्राची नवी आवृत्ति

ग्रंथपरीक्षणासाठीं राखून ठेवलेल्या या पानांत एका यंत्राचें परीक्षण पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. कांहींच्या कपाळाला आठ्याही पडतील. परंतु ज्या वस्तूविषयीं मला लिहावयाचें आहे ती एका जुन्या कृतीची नवी आवृत्ति आहे, आणि नव्या आवृत्तींचा परामर्श घेणें हें तर आपल्या टीकाकारांचें नेहमींचेंच काम होय. मूळ संहिता शुद्ध राखली आहे काय, संपादकानें काय गाळलें व काय पदरचें घातलें, आणि ती आपण विकत घ्यावी काय, हे तीन प्रश्न पोथीला लागू पडतात तसेच यंत्रालाही पडतात.

प्रसंग असा घडला. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत नोकरीला आहे. गेल्या दिवाळींत तो नागपुरास आला तेव्हां ‘द स्पेक्ट्रम’ या नांवाचें एक लहानसें यंत्र बरोबर घेऊन आला. त्याचा दहा वर्षांचा पुतण्या धरमपेठेंत राहतो. त्याच्यासाठीं असेंच दुसरें मागवावें कीं काय, हें त्याला ठरवावयाचें होतें. “सर, हीं यंत्रें आपण त्यांच्या काळांत पाहिलेलीं आहेत, घ्यावें कीं नाहीं तें आपणच सांगा,” असें म्हणून त्यानें तें पंधरा दिवसांकरितां माझ्या स्वाधीन केलें. प्रश्न साधा दिसला. परंतु उत्तर शोधूं लागल्यावर तो मला बराच दूर घेऊन गेला.

प्रथम मूळ यंत्राची हकीकत सांगितली पाहिजे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें एप्रिल १९८२ मध्यें ‘झेड. एक्स. स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक इंग्लंडांत विक्रीस काढला. ४८ किलोबाइट स्मरणशक्तीच्या यंत्राची किंमत १७५ पौंड होती. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरांतला टी. व्ही. त्याला जोडावयाचा. प्रोग्रॅम सांठवावयाचे ते गाण्यांच्या साध्या कॅसेटवर, साध्या टेपरेकॉर्डरनें. त्याच्या कळा रबराच्या होत्या. १९८४ मध्यें ‘स्पेक्ट्रम प्लस’ ही सुधारलेली आवृत्ति निघाली. तिचें अंतरंग तेंच, मात्र कळा कठीण प्लास्टिकच्या. आपल्या देशांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन १९८६ मध्यें ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. त्याच सुमारास, म्हणजे १९८४-८५ पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या योजनेखालीं निवडक शाळांना ‘बी. बी. सी. मायक्रो’ जातीचे संगणक मिळूं लागले होते. परंतु शाळेंतलें यंत्र कुलपांत असे आणि घरांतलें टेबलावर. मुलाच्या दृष्टीनें हा भेद लहान नव्हे.

आमच्या घरीं तें टेबलावरचें यंत्र आलें तें १९८७ सालीं. आमचे धाकटे काका महालांतल्या एका शाळेंत गणित शिकवीत. कांहीं महिन्यांचा पगार सांठवून त्यांनीं तें घेतलें, तेव्हां घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं त्यांस वेड्यांत काढलें. वैशाखांत तें इतकें तापे कीं त्याच्याखालीं खडूंचे दोन रिकामे डबे ठेवून काका हवा खेळती ठेवीत. आणि वीज गेली म्हणजे कॅसेटवर न उतरविलेलें सारें लेखन तत्क्षणीं नाहींसें होई. यंत्र सुरू केलें कीं पांढरा पडदा दिसे व तळाशीं कंपनीच्या स्वामित्वहक्काची एक ओळ. बस्स, इतकेंच. विद्यार्थ्यापुढें कोरी पाटी ठेवून गुरुजींनीं स्वस्थ बसावें तसें तें यंत्र स्वस्थ बसे. तुम्ही कांहीं लिहाल तर तें कांहीं करणार. न लिहाल तर कांहींच नाहीं.

माझ्या मतें या कृतीचा प्राण त्या स्वस्थ बसण्यांत होता. तें यंत्र अपुरें होतें, आणि तें पुरें करण्याचें काम घरच्या माणसावर सोंपविलेलें होतें. त्याला मराठींतलें एकही अक्षर येत नव्हतें. परंतु आठ ठिपके उंच व आठ ठिपके रुंद अशा चौकोनांत आपल्या मनाप्रमाणें एकवीस आकृति काढून त्या यंत्रास शिकविण्याची सोय त्यांत होती. काकांनीं चौकटींच्या वहींत घरें भरून शून्यापासून नवापर्यंतचे दहा मराठी अंक बसविले आणि माझ्या धाकट्या बहिणीसाठीं पाढ्यांची उजळणी घेणारा एक प्रोग्रॅम रचला. ठिपक्यांच्या त्या सांपळ्यांत मराठी नऊचा आंकडा कांहीं केल्या बसेना, म्हणून त्यांनीं तीन रात्री घालविल्याचें मला स्मरतें.

आतां नव्या आवृत्तीकडे वळूं. जुन्या घरगुती संगणकांच्या प्रतिकृति काढण्याची लाट गेल्या कांहीं वर्षांतली आहे. १९८२ च्या ‘कमोडोर ६४’ ची लहानगी प्रतिकृति २०१८ मध्यें आली व पूर्ण आकाराची २०१९ मध्यें. ‘अमिगा ५००’ ची २०२२ मध्यें. ‘अटारी ४००’ ची २०२४ मध्यें. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत प्रस्तुत ‘द स्पेक्ट्रम’, रेट्रो गेम्स या कंपनीचा. निघाला तेव्हां इंग्लंडांत त्याची किंमत ९० पौंडांच्या घरांत होती. येथें मागविल्यास वाहतूक व जकात निराळी. मूळ यंत्रांतली झेड-८० ही चिप यांत नाहीं. आंत एक आधुनिक चिप आहे, आणि तिच्यावर चालणारा एक प्रोग्रॅम जुन्या यंत्राचें सोंग घेतो. सोंग म्हणून हिणविण्याचें कारण नाहीं. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाच्या वेषांत दारीं उभा राहिला म्हणजे तो पोलीस नव्हे हें घरधन्यास ठाऊक असतें, तरी सोंग चांगलें वठलें तर तो त्याला दाद देतोच. हें सोंग चांगलें वठलें आहे. चित्रें, रंग, आवाज आणि तो आठवणींतला मंदपणाही, सारें जागच्या जागीं आहे.

परंतु प्रतिकृतीची परीक्षा केवळ रूपावरून करतां येत नाहीं. २०१७ मध्यें निघालेला सारेगामाचा ‘कारवाँ’ पुष्कळांच्या घरीं असेल: जुन्या ट्रॅन्झिस्टरचें रूप, आणि आंत भरलेलीं ५,००० गाणीं. तो घेऊन कोणाची फसवणूक झाली असें मला वाटत नाहीं. कारण जुन्या रेडिओपुढें आपण श्रोतेच होतों आणि नव्यापुढेंही श्रोतेच आहों. संगणकाची गोष्ट निराळी. जुन्या स्पेक्ट्रमपुढें बसणारा मुलगा खेळ खेळे हें खरें, पण तो लेखकही होऊं शके. प्रतिकृतींत ती लेखकाची जागा शिल्लक राहिली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

या कसोटीला कित्येक प्रतिकृति मुळींच उतरत नाहींत. कमोडोर, अमिगा व अटारी यांच्या ज्या लहान प्रतिकृति वर सांगितल्या, त्यांच्या अंगावरचा कळफलक केवळ शोभेचा आहे. त्या कळा दाबल्या असतां कांहींच उमटत नाहीं. सोनेरी पाठींचे पोकळ पुठ्ठे कपाटांत मांडून त्याला ग्रंथसंग्रह म्हणावें, तसाच हा प्रकार झाला. वेगळा कळफलक जोडून कांहींशी सोय करतां येते, हें मान्य. परंतु ज्या कळांकडे पाहून आपण वस्तु घेतली त्याच मुक्या निघाव्या, याला आवृत्ति म्हणतां येणार नाहीं. तें मुखपृष्ठाचें पुनर्मुद्रण झालें.

प्रस्तुत यंत्राच्या संपादकांनीं हा दोष टाळला आहे. त्याच्या साऱ्या कळा चालतात, आणि ज्या भाषेंत काका लिहीत ती बेसिक भाषाही त्यांत आहे. तथापि तें सुरू करतांच प्रथम पुढें येते ती आयत्या ४८ खेळांची चित्रपंक्ति. कोरी पाटी मागाहून, शोधील त्याला. यंत्र तेंच, पण दाराशीं उभें राहून स्वागत करणारा माणूस बदलला आहे. पूर्वीं तो “काय लिहितां?” असें विचारी, आतां “काय पाहतां?” असें विचारतो. संपादकानें पदरची घातलेली दुसरी सोय म्हणजे खेळांत चूक झाल्यास चाळीस सेकंद मागें जाण्याची. तिच्यावर कांहींजण रुष्ट आहेत. मला ती कठीण श्लोकाखालच्या टीपेसारखी वाटली. नको त्यानें वाचूं नये, संहितेला त्यामुळें धक्का लागत नाहीं.

आपल्याकडील ग्राहकानें आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या प्रतिकृतींत उतरविल्या आहेत त्या १९८२ च्या रबरी कळा, आणि त्यांवर वाढलीं तीं इंग्लंडांतलीं मुलें. आमच्या घरीं आला तो स्पेक्ट्रम प्लस. नव्या यंत्रावर हात ठेवला तेव्हां माझ्या बोटांना ओळखीचें असें कांहींच लागलें नाहीं. जाहिरातींतून विकल्या जाणाऱ्या स्मृति दुसऱ्याच्या बाळपणाच्या आहेत. त्यांना भुलून ९० पौंड मोजण्यांत अर्थ नाहीं. शिवाय, केवळ जुने खेळ पुन्हां खेळावे एवढीच हौस असेल तर ती फुकट भागते. सिंक्लेअर यांचा संगणकांचा धंदा १९८६ मध्यें ॲमस्ट्रॅड या कंपनीनें विकत घेतला होता; तिनें १९९९ मध्यें मूळ यंत्रांतली अंतर्गत आज्ञासंहिता अशा सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमांबरोबर वांटण्यास संमति दिली. ते प्रोग्रॅम घरच्या कोणत्याही संगणकावर चालतात, आणि त्यांत चोरी नाहीं.

आणि वंशच पाहावयाचा तर खरा वारस वेगळाच आहे. २०१२ मध्यें केंब्रिजच्या मंडळींनीं ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक काढला, तो १९८० नंतरच्या दशकांतल्या मुलांप्रमाणें आजच्या मुलांनींही स्वतः प्रोग्रॅम लिहावे याच हेतूनें. २०२० मध्यें त्याचा कळफलकांतच बसविलेला एक नमुना निघाला. त्याचा तोंडवळा आजोबांसारखा नाहीं, पण स्वभाव त्यांच्यावर गेला आहे. मग प्रतिकृति कशाला? माझें मत या ठिकाणीं जवळजवळ कायम झालें होतें, आणि “घेऊं नकोस” असें पत्रही मीं मनांत रचलें होतें.

तें फिरलें एका कॅसेटमुळें. काका आज हयात नाहींत. त्यांचें यंत्रही केव्हांच मोडीत गेलें. परंतु त्यांच्या अक्षरांत ‘पाढे’ असें लिहिलेली एक कॅसेट बहिणीनें जपून ठेवली होती. नव्या यंत्राला टेपरेकॉर्डर जोडण्याचें छिद्रच नाहीं. संपादकांनीं गाळलेला हा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणावा लागेल. विद्यार्थ्यानें तोड काढली. एका ओळखीच्या घरून टेपरेकॉर्डर आणून त्यानें ती कर्कश किंचाळी आपल्या संगणकांत उतरविली, तिची फाइल बनविली आणि ती पेनड्राइव्हवरून या यंत्रास दिली. कॅसेटची पहिली बाजू वायां गेलेली निघाली. दुसरी बाजू तिसऱ्या खेपेस लागली, आणि टी. व्ही.च्या पडद्यावर मराठी आंकड्यांत प्रश्न उमटला: १७ × ८ = ? त्यांतला सातचा आंकडा थोडा डावीकडे कललेला होता, काका फळ्यावर काढीत तसाच. उत्तर चुकलें तर रोमन अक्षरांत ‘पुन्हा’ एवढा एकच शब्द येई. बहिणीनें मुद्दाम दोन वेळां चुकीचें उत्तर दिलें.

पुतण्या त्या वेळीं जवळच होता. तोंवर त्यानें ४८ पैकीं पांच-सहा खेळ पाहून कंटाळून सोडून दिले होते. त्यानें विचारलें, “हा सात कोणीं काढला?” मग प्रोग्रॅम थांबवून आम्हीं त्याला त्याच्या ओळी दाखविल्या, चौकटींची वही मागविली, आणि ठिपक्यांच्या बेरजेंतून आंकडा कसा बनतो तें सांगितलें. संध्याकाळपर्यंत त्यानें आपल्या नांवांतलें पहिलें अक्षर बसविलें. घरच्या मोठ्या संगणकावर हें शिकवितां आलें नसतें असें नाहीं. पण तेथें सुंदर अक्षरें आधींच तयार असतात, त्यामुळें तें शिकावें असें मुलाला वाटण्याचें कारण उरत नाहीं. या यंत्राची उणीव त्याच्या उपयोगीं पडली.

तेव्हां माझा अभिप्राय असा. मुक्या कळांच्या प्रतिकृति घेऊं नयेत. केवळ जुन्या खेळांची हौस असलेल्यानें आधीं फुकटचा मार्ग पाहावा. ज्या मुलास बेसिकच्या पुढें जावयाचें आहे त्याच्यासाठीं रास्पबेरी पाय अधिक चांगला. मात्र घरांत लहान मूल असेल, आणि त्याच्याजवळ रोज अर्धा तास बसावयास मोठें माणूस तयार असेल, तर हें यंत्र घेण्यास हरकत नाहीं. तें माणूस नसेल तर ४८ खेळ आठवडाभर पुरतील आणि यंत्र माळ्यावर जाईल.

विद्यार्थ्याला मीं “घे” असें सांगितलें, आणि यंत्र परत करतांना काकांच्या पाढ्यांची फाइल त्याबरोबर दिली. नऊचा आंकडा अद्यापि नीट बसलेला नाहीं. तो दुरुस्त करण्याचें काम पुतण्यानें अंगावर घेतलें आहे.