‘बाटले’ : एका शब्दाची समीक्षा

आमच्या वर्ध्यापासून सेवाग्राम पाच मैलांवर आहे. १९३६ साली त्याचे नाव सेगाव होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जॉन मॉट हे अमेरिकन ख्रिस्ती पुढारी तेथे गांधीजींना भेटले. येवल्याच्या घोषणेला वर्ष उलटून गेले होते आणि अस्पृश्य कोणत्या धर्मात जाणार याची चिंता साऱ्यांना लागली होती. त्या भेटीत गांधीजींनी मॉटना विचारले, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल काय? काही अस्पृश्यांची समज गाईहूनही कमी असते, धर्माधर्मांतला बरावाईट फरक त्यांना कळत नाही, अशा अर्थाचे ते बोलले. डिसेंबरच्या ‘हरिजन’मध्ये हा संवाद छापून आला.

गांधीजींच्या चुका मोजण्यासाठी मी हे सांगत नाही. ते काम बाबासाहेबांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते असे की, सेगावच्या झोपडीतले हेच मत सभ्य भाषेत मराठी समीक्षेतही नांदते आहे.

महाराष्ट्रात ख्रिस्ती मंडळी कशी वाढली, हे आपण कोणाकडून ऐकले? बाबा पदमनजी, नारायण शेषाद्री, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक यांच्याकडून. पदमनजींचे ‘अरुणोदय’ आत्मकथन म्हणून अभ्यासले जाते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मीही अनेकदा वाचली आहेत आणि सोवळ्यातून बाहेर पडताना त्या बाईने स्वतःशी केलेले भांडण मला मोठे वाटते. या मंडळींच्या धर्मांतराला समीक्षक ‘आत्मशोध’ म्हणतात, ‘सत्याची तहान’ म्हणतात. म्हणोत. पण नगर जिल्ह्यातली चर्चे या चार-दोन घरांवर उभी राहिली नाहीत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. कित्येक वर्षे त्याच्या हाती मूठभर माणसे लागली. मंडळी वाढली ती महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून, आणि १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तर झपाट्याने. शेषाद्री स्वतः ब्राह्मण होते, पण त्यांनी जालन्याजवळ वसवलेले बेथेल भरले ते महार-मांगांनी. या हजारोंसाठी मात्र मराठीत ‘आत्मशोध’ हा शब्द नाही. त्यांच्यासाठी वेगळा शब्द आहे : ‘बाटले’. त्यातही ‘पोटासाठी बाटले’.

हा शब्द नीट तपासला पाहिजे. बाटायला आधी शुद्ध असावे लागते. ज्याच्या सावलीचा विटाळ होतो, ज्याला पाणवठा बंद, देऊळ बंद, तो बाटेल कसा? त्याच्याजवळ बाटण्यासारखे काय शिल्लक ठेवले होते? हा शब्द त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो उच्चारणाऱ्याची जात तेवढी सांगतो.

आणि पोटाचे म्हणाल तर, टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांची व लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. तो त्याग ठरला, आणि तो होताही. पण सारी गावकी आणि बलुते पणाला लावून महारवाड्यातली दहा घरे एकदम उठली, तर तो लोभ कसा? शिळ्या तुकड्यावर जगवणारी व्यवस्था सोडून ताज्या भाकरीकडे जाणे यात विचार नाही, हे भरल्या पोटाच्या माणसानेच म्हणावे. भाकरीबरोबर शाळाही होती. जेथे पंतोजी आमच्या पोराला उंबऱ्याबाहेर बसवत होते, तेथे कोणी त्याच्या हातात पाटी दिली, तर त्या पाटीचा मोह हाच त्याचा आत्मशोध होता.

यालाही पुरावा मागणाऱ्यांनी १८५५ सालचा ‘ज्ञानोदय’ काढून पाहावा. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता नावाची मातंग मुलगी महार-मांगांच्या दुःखाविषयी त्यात लिहिते. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, हे ती थेट देवालाच विचारते. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती, पण तिचा निबंध छापला तो मिशनच्या नियतकालिकाने. सेगावच्या त्या संवादाआधी एक्याऐंशी वर्षे एका शाळकरी पोरीला धर्माधर्मांतला फरक कळत होता. कळत नव्हता तो इतरांना.

याचा अर्थ चर्च निर्दोष होते असा नाही. दारातून माणूस आत गेला, त्याच्यामागून जातही गेली आणि सोयरिकीच्या वेळी उघडी पडली. बाबासाहेबांचे ख्रिस्ती धर्मांतरावरचे लेख १९८९ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आले. त्यांत ते मिशनच्या शाळा-दवाखान्यांची नोंद घेतात आणि मग कठोर प्रश्न विचारतात : धर्म बदलून जात गेली काय? शिकलेला ख्रिस्ती आपल्या मागे राहिलेल्या भावांच्या लढ्यात का उतरत नाही? हा प्रश्न त्या समाजाने टाळून चालणार नाही.

पण आपणही एक प्रश्न टाळला आहे. नोकरीत माझ्यासोबत नगरकडचा एक ख्रिस्ती सहकारी होता. जयंतीच्या मिरवणुकीला तो दरवर्षी यायचा आणि कडेला उभा राहायचा. एकदा मी त्याला आत बोलावले, तेव्हा म्हणाला, “दादा, आमचा आजा तुमच्या आधी उठून गेला, एवढाच गुन्हा का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती महार-मांग अजून बाहेरच आहे. सरकारने त्याला यादीतून वगळले, आणि आपण आपल्या साहित्यातून.

दलित साहित्याचा इतिहास लिहिताना आपण मुक्ताचा निबंध अभिमानाने पहिला धरतो. मग ज्या माणसांनी तिच्यासारखाच प्रश्न विचारून पहिला सामुदायिक नकार दिला, त्यांची कहाणी परकी कशी? ती त्यांच्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत आहे, मंडळीच्या जुन्या वह्यांत आहे, कीर्तनांत आहे. त्यांच्यातल्या लिहिणाऱ्यांनी ती लिहावी, जातीसकट लिहावी. आणि आपण ती वाचताना ‘बाटले’ हा शब्द प्रथम आपल्या तोंडातून काढून टाकावा. तो शब्द आपल्यासाठीही वापरला गेला आहे, १९५६ नंतर, याच जिल्ह्यात. मी तो ऐकला आहे.