चोराचं व्रत

"आजी, तो खोटं बोलला असता तर वाचला असता ना?"

नाटक संपून आम्ही पायऱ्या चढत होतो तेव्हा नातीनं हे विचारलं. भोपाळच्या भारत भवनात आत शिरताना खाली उतरावं लागतं आणि परतताना चढावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना उत्तर द्यायला जरा वेळ मिळतो. मी तो वेळ घेतला. तरी वर पोचेपर्यंत उत्तर सापडलं नाही.

नाटक होतं हबीब तनवीर यांचं 'चरणदास चोर'. १९७५ सालचं, म्हणजे माझ्या थोरल्या मुलापेक्षाही वयानं मोठं. त्याची जाहिरात कधी 'बालनाट्य' म्हणून होत नाही. पण त्याच वर्षी श्याम बेनेगलांनी याच कथेवर चित्रपट केला, तो चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी, हे पुष्कळांना माहीत नसतं. (त्यात राजकन्या झालेली मुलगी म्हणजे तेव्हा अगदी नवखी असलेली स्मिता पाटील.) त्यामुळे हे मुलांना दाखवावं की नाही, हा प्रश्न नाटकाइतकाच जुना आहे. आमच्या रांगेत एक भाभी दोन मुलांना घेऊन बसल्या होत्या, त्या शेवटच्या प्रवेशाआधी उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "आगे मार-काट है, बच्चों के लिए ठीक नहीं." त्यांनी नाटक आधी पाहिलं असणार, त्याशिवाय कसं कळलं?

गोष्ट थोडक्यात अशी. चरणदास चोर शिपायापासून पळता पळता एका गुरूच्या पुढ्यात येतो. तिथं दारुडा, जुगारी असे लोक आपापलं व्यसन सोडायला आलेले. गुरू म्हणतो, तूही चोरी सोड. चरणदास म्हणतो, महाराज, तो तर धंदा आहे, तो कसा सोडू? मग थट्टेथट्टेत तो चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजगादी दिली तरी घेणार नाही. चोराला हे कोण देणार? शपथा फुकटच्या. गुरू मात्र पाचवी घ्यायला लावतो, खोटं बोलायचं नाही. पुढचं सगळं नाटक म्हणजे त्या चार फुकटच्या गोष्टी एकेक करून खरोखर समोर येतात आणि पाचवी सगळ्यांत महाग पडते. राणी त्याच्यावर भाळते, हत्ती येतो, सोन्याचं ताट येतं. तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी राणी म्हणते, निदान हे कुणाला सांगू नकोस. त्याला तेही कबूल करता येत नाही. आणि तो मारला जातो.

आपल्या बायकांना ही गोष्ट अनोळखी वाटायला नको. श्वेतांबर घरात वाढलेल्यांनी वंकचूल ऐकलेला असतो. तो दरोडेखोरांचा म्होरक्या, मुनींकडून चार किरकोळ नियम घेतो: अनोळखी फळ खायचं नाही, कुणावर वार करण्याआधी सात-आठ पावलं मागं सरायचं, राजाच्या पट्टराणीचा संग करायचा नाही, कावळ्याचं मांस खायचं नाही. हे नियम एकेक करून त्याच्या दारात उभे राहतात आणि शेवटचा पाळताना तो मरतो. आमच्या दिगंबर पाठशाळेत खदिरसार भिल्लाची कथा असते. त्यानं फक्त कावळ्याचं मांस सोडलं, आजारपणात वैद्यानं नेमकं तेच औषध सांगितलं, त्यानं घेतलं नाही. तोच पुढच्या जन्मी श्रेणिक राजा. तनवीरांनी ही गोष्ट विजयदान देथांच्या राजस्थानी लोककथेवरून घेतली. राजस्थानातल्या खेड्यापाड्यांत शतकानुशतकं साधू-साध्वींचे विहार चालू आहेत. लोककथा आणि व्याख्यानातली कथा एकमेकींच्या घरी जाऊन जेवत असणारच. याला पुरावा मागू नका, माझ्याकडे फक्त दोन्हींचा सारखा नाकडोळा आहे.

फरक आहे तो असा. आपली कथा पुढचा भव सांगते. मेला, पण देवलोकी गेला, श्रेणिक झाला. ऐकणाऱ्या मुलाचा जीव भांड्यात पडतो. तनवीर तो दिलासा देत नाहीत. त्यांच्याकडे मेलेल्या चोराची लोक पूजा करतात, आरती-नारळ होतात, सत्याचं गाणं होतं. पण ती पूजा बघताना आपल्याला बरं वाटत नाही, थोडी लाजच वाटते, कारण मगाशी त्याला वाचवायला यातलं कुणी पुढे आलं नव्हतं. माझ्या मते नाटकाची खरी ताकद इथं आहे आणि मुलांना तीच दिसायला हवी.

आक्षेप मला ठाऊक आहे. सत्य अणुव्रत पाळतो आणि अचौर्य धाब्यावर बसवतो, हा कसला आदर्श? आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी हेच तावातावानं विचारलं. मी म्हटलं, नाटकात बघा, खजिना उघडा सापडल्यावर तो किती उचलतो? फक्त पाच मोहरा. मग हिशेब ठेवणाराच आणखी पाच स्वतःच्या खिशात टाकतो आणि दहा चोरीला गेल्या म्हणून बोंब ठोकतो. चोर म्हणतो, मी पाचच घेतल्या. हा प्रवेश चालू असताना माझी नात खदखदून हसत होती, आणि मला वाटतं अचौर्यावरचं तिचं आजवरचं उत्तम प्रवचन तेच झालं. अणुव्रत म्हणजे शक्तीनुसार, जमेल तेवढं. जमेल तेवढ्यातलंच एक पुरतं धरलं तर काय होतं, एवढंच हे नाटक विचारतं.

मराठी बालरंगभूमीवर मी वाढले नाही, पण मुलांना घेऊन सुट्टीत मुंबईला माहेरी गेले की ती पाहिली. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं ते मतकरींच्या 'मधुमंजिरी'नं, आणि तिथून राक्षस, चेटकिणी, बोलणारी झाडं यांचं एक फार गोड जग उभं राहिलं. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण पाहून माझा धाकटा खुर्चीखाली लपला होता. मी त्या नाटकांना नावं ठेवणार नाही. पण तिथं चेटकीण हरणार हे मुलाला आत शिरतानाच माहीत असतं. पुण्यात मोहन आगाशे आणि मंडळींनी १९८६ पासून जर्मनीतल्या ग्रिप्सच्या वळणाची नाटकं आणली, त्यात मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि घरातले खरे प्रश्न येतात. ती वाट वेगळी, मला आवडणारी. चरणदास या दोन्हींच्या बाहेर उभा आहे. तो मुलांसाठी खाली वाकत नाही. भाषासुद्धा छत्तीसगढी ठेवतो. माझ्या नातीला अर्धे शब्द कळले नाहीत आणि काहीही अडलं नाही, कारण गाणारे आणि वाजवणारे समोरच बसलेले असतात आणि नाचणाऱ्याचा श्वास लागलेला आपल्याला ऐकू येतो. यातले बहुतेक मूळ कलावंत नाचा करणारे गावाकडचे लोक होते. १९८२ मध्ये एडिनबरोला याच नाटकानं फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेतला, तिथं तर छत्तीसगढी कुणालाच येत नसणार.

आणि इथं मला आपल्या कार्यक्रमांबद्दल बोलायचं आहे, राग आला तरी चालेल. पंचकल्याणकात तपकल्याणकाच्या दिवशी नीलांजनेचं नृत्य असतं. आदिपुराणातली ती गोष्ट म्हणजे जिवंत प्रयोग म्हणजे काय याची जगातली सर्वांत नेमकी व्याख्या आहे. नाचता नाचता नर्तकीचं आयुष्य संपतं, इंद्र त्याच क्षणी तशीच दुसरी उभी करतो, सभेला कळत नाही, फक्त ऋषभदेवांना कळतं. एवढ्या एका नजरेवर पुढचं सगळं वैराग्य उभं आहे. आणि आपण काय करतो? मोबाइलवरचा ट्रॅक लावतो, भाड्याचा लेहंगा घालतो, मधे दिवे घालवून मुली बदलतो, दिवे लागले की टाळ्या. मी पाहिलेल्या एका सोहळ्यात ट्रॅक अडकला तर मुलगी हात वर करून तशीच उभी राहिली, बिचारी. तिला नीलांजना कोण हे कुणी सांगितलंच नव्हतं, मोजायच्या आठ मात्रा तेवढ्या सांगितल्या होत्या. एक पेटी, एक ढोलक आणि गाणाऱ्या चार बायका आपल्यात मिळत नाहीत का? मिळतात, लग्नाच्या घरी तर आवरत नाहीत.

चरणदासमध्येही मला एक खुपतं. सत्ता हाती असलेली एकटी बाई तिथं राणी आहे, आणि तीच भाळते, तीच घाबरते, तीच मारायला लावते. मूळ प्रयोगात फिदाबाई ही भूमिका करायच्या. राणीची भीती अशी की 'लोक काय म्हणतील', आणि ती भीती आपल्याला, घरात वाढलेल्या बायकांना, चोराच्या सत्यापेक्षा जास्त ओळखीची आहे. लेखकानं तिला आणखी एक प्रवेश द्यायला हवा होता. तिला एकटीला, चोर मेल्यानंतर. तनवीर ८ जून २००९ला याच भोपाळात गेले, आता कुणाला सांगणार!

जाता जाता सोयीची गोष्ट: इथले प्रयोग बहुतेक संध्याकाळी असतात, तेव्हा दिवस असताना जेवून निघालं की चातुर्मासातसुद्धा काही अडत नाही. मध्यंतरात मुलं समोशासाठी हट्ट करतात, तेवढं सांभाळायचं.

आमच्या पाठशाळेत यंदा दशलक्षणात खदिरसाराची नाटिका बसते आहे. नात वैद्य झाली आहे, कागदाच्या दाढीसकट. शिकवणाऱ्या ताईंनी शेवट बदलला होता: ऐन वेळी दुसरं औषध सापडतं आणि भिल्ल बरा होतो. मुलांना वाईट वाटू नये म्हणून. मी विरोध केला, तर म्हणाल्या, "काकू, पालक उठून जातील." जातील कदाचित. पण परवा नात घरी आली ती तोंड फुगवून. "आजी, मी म्हणते कावळाच खा, आणि लगेच दुसरं औषध देते. मग मी आधी खोटं बोलले का?"

ताईंना तिचा प्रश्न मी जसाच्या तसा कळवला आहे. रविवारी तालीम आहे.