मुष्टिबल आणि हस्तव्यवहार

कारेल व बर्टा बोबाथ यांच्या लंडनमधील परंपरेने बलवर्धनाकडे साशंकतेने पाहिले. श्रमाने स्नायूंचा ताठरपणा वाढेल, असे तिचे गृहीतक होते. १९९० नंतरच्या अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला नाही. तथापि एकांगी सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांच्या बाबतीत दुसरे टोक गाठणेही युक्त नव्हे. डायनमोमीटरवरील आकडा मुठीची कमाल शक्ती दर्शवितो. डबीचे झाकण उघडताना दुर्बल हात साहाय्यास येतो की नाही, हे तो सांगत नाही. २००३ मध्ये स्वीडिश संशोधकांनी मांडलेली 'असिस्टिंग हँड असेसमेंट' ही कसोटी नेमके हेच पाहते. म्हणून केवळ मुष्टिबलाच्या वाढीवरून उपचार सफल ठरविणारा प्रबंध अपुराच मानला पाहिजे. प्रबंधकारांनी दोन्ही मोजमापे एकत्र द्यावीत. त्यांत तफावत आढळल्यास तिची मीमांसा करावी.